बांधलेलं गायरान

आमच्या गावच्या गायरानात हिरवं उभं होतं आणि गायरानाच्या कडेला गायी उपाशी उभ्या होत्या. हे मी एका पत्रकात लिहिलं तेव्हा आमच्या संघटनेच्या केजच्या कार्यालयातला एक कार्यकर्ता म्हणाला, असं कुठं असतं का, अतिशयोक्ती काढ. अतिशयोक्ती नव्हती. तिथं तारेचं कुंपण नव्हतं, राखणदार नव्हता, सरकारी पाटीही नव्हती. बेलाची पानं आणि मूठभर भंडारा, एवढ्यावर ते सगळं बंद होतं.

नव्वदनंतरची वर्षं होती. दूधधंदा खुला झाला म्हणून शहरात भाषणं होत होती. आमच्याकडं खुलं झालं म्हणजे एवढंच, की सरकारी दुधाच्या गाडीऐवजी नांदूरघाटच्या रस्त्यावर एका खाजगी डेअरीची जीप यायला लागली आणि गावात एकानं तिचं केंद्र घातलं. अंगणाअंगणात जर्सी गायी आल्या. सकाळ-संध्याकाळ कॅनचा खडखडाट सुरू झाला. गायीला खायला काय घालायचं, हे मात्र कुणाच्याच भाषणात नव्हतं. बाजार मोकळा झाला आणि दावण मोकळीच राहिली. हे वाक्यही माझ्याच पत्रकातलं आहे, आणि ते मला अजून बदलावंसं वाटत नाही.

त्यातली एक जर्सी माझ्या चुलतीची होती. मी तिला काकू म्हणते. दसरा झाला की आमचं अर्धं गाव ऊसतोडीला जातं. दारांना कुलपं लागतात, म्हातारी माणसं आणि कुत्री मागं राहतात. काकूनं अर्धं आयुष्य फडात काढलेलं. पहाटे मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीत चढवायच्या, पाचटाच्या कोपीत बाळंत व्हायचं. गाय आली तशी ती पहिल्यांदा गावात राहिली. काका बैलगाडी घेऊन गेले, मुलगा-सून कोयता घेऊन गेले, आणि काकू गायीपाशी. काका जाताना सगळ्यांसमोर बोलले होते, "दूध हाय तवर बस. आटलं की गाय बाजारात आन् तू गाडीवर." ते चेष्टेत बोलले नव्हते.

गाय दिवाळीला व्याली होती. संक्रांत गेली तेव्हा कडब्याची गंजी गुडघ्याएवढी उरली होती आणि दूध रोज खाली येत होतं. परतीचा पाऊस झालाच नव्हता. नदीकाठाला, बांधाला, कुठंही हिरवी काडी नव्हती. फक्त गायरानात होती.

ते हिरवं मी आणलेलं. एका शेतकरी शिबिरातून बियाण्याची पिशवी मिळाली होती. स्टायलो म्हणतात त्याला. जमिनीलगत पसरणारी झुडपी वनस्पती, बारीक पिवळी फुलं, खडकाळ माळावरही मूळ खोल घालते, आणि गवत वाळून पिवळं पडलं तरी ही हिरवी राहते. बी कडक असतं, ते हात पोळेल इतक्या गरम पाण्यात घालून मग टाकायचं. एका देठाला तीन पानं येतात म्हणून बायकांनी तिचं नाव तीनपानी ठेवलं. पुरुषांनी अर्थातच तीनपत्ती. "ताई, तुझ्या पत्त्याच्या डावात गाई जिंकत्यात का बघू," असं दूधकेंद्रवाला म्हणायचा. त्यानंच मला एकदा चारचौघांत विचारलं, "मागल्या सालच्या कागदात लिव्हलं हुतंस, परदेशी बियाणं हाकला. आन् ही तीनपत्ती काय पाटोद्याची हाय का?" मी म्हणाले, कंपनीचं बियाणं दरसाल विकत घ्यावं लागतं, हे एकदा टाकलं की आपलं आपण झडून उगवतं. तो म्हणाला, "म्हंजी परदेशी चालतंय, फक्त फुकट पायजे." लोक हसले. मी हसले नाही.

मृगात पेरणी झाली आणि प्रश्न आला राखणीचा. रोप कोवळं असताना शेळी शिरली की संपलं. मी पत्रक काढलं, 'गायरान आपलं, राखणही आपली.' देवळाच्या भिंतीवर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी शेळ्या गायरानात होत्या आणि एका शेळीच्या तोंडात, खरं सांगते, माझं पत्रक होतं.

मग गावकऱ्यांनी त्यांच्या पद्धतीनं मार्ग काढला. महादेवाच्या देवळात बैठक भरली आणि घरटी एका पुरुषानं बेलभंडार उचलला. आमच्याकडं बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन बोललेला शब्द म्हणजे शेवटचा शब्द. गायरानात जनावराचं तोंड लावायचं नाही, विळा लावायचा नाही. जो लावील त्याच्या घरच्या माणसावर ते येईल. मी तिथं उठून बोलले होते, की ही अंधश्रद्धा आहे, आपण समिती करू, दंड ठरवू. कुणीतरी मागून म्हणालं, "दंड कोन भरतंय बे?" आणि बैठक संपली.

शेळी शिरली नाही. एकही नाही. गुराखी पोरं माळाच्या कडेनं गुरं वळवून नेत. पाऊस मध्येच तुटला, पण तीनपानी धरली, फुलली, बी झडलं. खालून पुन्हा हिरवी फूट आली. माझ्या पत्रकानं जे झालं नाही ते बेलाच्या पानानं करून दाखवलं होतं, आणि मला त्याचा राग यावा की आनंद व्हावा, ते ठरत नव्हतं.

पण उचलताना एक गोष्ट कुणी बोललंच नव्हतं. किती दिवस.

जेवढ्या हातांनी उचललं तेवढ्या हातांनी सोडायचं, हा रिवाज. आणि त्यातले बरेचसे हात आता कारखान्याच्या इलाख्यात ऊस तोडत होते. ते पाडव्याच्या पुढं येणार. तोवर गायी आटणार.

मी देवळात गेले. गुरव पायरीवर बसून वाती वळत होते. त्यांना गाव गुरवमामा म्हणायचं. वयानं वाकलेले, आवाज खालचा, आणि हट्टाला एकदम पक्के. काकू माझ्यासोबत होती. दूधकेंद्रवालाही तिथं येऊन बसलेला, त्याचे कॅन रिकामे चालले होते.

"मामा, सोडा आता ते," मी म्हणाले. "बी झडलंय. आता चरलं तर नुकसान नाही, उलट फूट वाढेल."

"मी बांदलं न्हाई, मी कसं सोडू?"

"जे गावात आहेत त्यांनी सोडलं तर?"

"त्यांचं सुटंल. बाकीच्यांचं बांदलेलंच ऱ्हाईल. अर्दी गाठ सुटली म्हंजी गाठ सुटली का?"

"आणि गायी मेल्या तर?"

"गाय मेली तर गाय मरंल," दूधकेंद्रवाला मध्येच म्हणाला. तो आता चेष्टा करत नव्हता. "माजा भाऊ तिकडं ट्रकवर हाय. उसाच्या थप्पीवर बसून जातंय रातचं. माज्या गाईच्या तोंडासाठी मी त्याच्यावर काय घिऊ? तुझं कोन हाय तिकडं, ताई? तुझं बोलनं सोपं हाय."

माझं कुणी नव्हतं हे खोटं होतं, काका होते. पण तो मुद्दा नव्हता आणि मला ते कळत होतं. मी चिडले. जनावर उपाशी, चारा समोर, आणि माणसं पानाला भिऊन बसलेली. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग फोन लावा की सगळ्यांना. केजला बूथ आहे. देवालाच एसटीडी लावा."

मी टोमणा मारला होता. काकू माझ्याकडं वळून बघत राहिली.

"लागतो का?" ती म्हणाली.

"काय?"

"फोन. फडावर लागतो का?"

मी सांगितलं, मुकादमाचा अड्डा एका किराणा दुकानाशेजारी असतो, त्या दुकानात फोन आहे. मुकादम म्हणजे टोळी नेणारा, त्याच्या हाकेवर सगळे जमतात. काकू गुरवमामांकडं वळली. "दादा, मानूस बोलला तर चालतंय ना? त्याचं तोंड हितंच पायजे असं कुटं हाय? देव तिकडं न्हाई व्हय?"

मामांच्या हातातली वात तशीच राहिली. मग ते म्हणाले, "बेल माज्या हातात पायजे. आन् मी आयकलं पायजे."

दुसऱ्या दिवशी मी केजला जाऊन फोनवरून त्या दुकानात निरोप ठेवला, की उद्या दुपारी टोळीतल्या घरटी एकाला फोनपाशी जमवा. तहसीलसमोरच्या बूथवाल्याला आधीच सांगून ठेवलं. त्याच सांजेला गावातल्यांनी देवळात आपापला बेल सोडला, आणि त्याच्या पुढच्या दिवशी आम्ही तिघं एसटीनं निघालो. मामांच्या मांडीवर स्टीलचा डबा, त्यात ओल्या फडक्यात बेलाची पानं, बाहेर असलेल्या प्रत्येक घराचं एक. दोन दिवसांनी बाजार होता. हेडी, म्हणजे गुरांचा दलाल, आदल्या दिवशी येऊन गायीच्या कासेला हात लावून गेला होता आणि म्हणाला होता, बाजारला घिऊनच ये, हितं भाव करत न्हाई.

बूथ म्हणजे काचेची खोकी. मामांनी चप्पल बाहेर काढली. बूथवाला म्हणाला, "आवं महाराज, चपला घाला, लाइन लागलीय मागं." मामांनी घातली नाही. ते आत शिरले, डबा मांडीवर धरून बसले, आणि मी रिसीव्हर त्यांच्या कानाला लावून उभी राहिले. काकू दारात. मागं पोराच्या भरतीची चौकशी करणारा एक बाप, एक व्यापारी, दोन कॉलेजची पोरं. डोक्यावर लाल आकडे पळायला लागले.

तिकडून मुकादमाचा आवाज आला, मग एकेक. मामा विचारत, "कोन?" तिकडून घराचा पत्ता सांगितला जाई, वेशीपाशीचा, चिंचेखालचा, विहिरीवरचा. "बेल आठवून बोलतोस का?" "हा मामा." "बोल मग." "सोडला." मामा डब्यातलं एक पान उचलून दुसऱ्या हातातल्या फडक्यात ठेवीत. कुणी आधी घरच्या म्हातारीची तब्येत विचारी. एकानं विचारलं, "तीनपत्ती किती वाडलीय?" मामांना सांगता येईना, मी ओरडून सांगितलं, गुडघ्यापर्यंत. दूधकेंद्रवाल्याचा भाऊ बोलला, बोलला म्हणजे जोरात हसला आणि म्हणाला, "सोडला, सोडला, गाईला म्हनावं खा." मागच्या लाइनीतला व्यापारी कंटाळून गेला. कॉलेजची पोरं काचेला नाक लावून ऐकत होती, हसत नव्हती.

शेवटी डब्यात एक पान उरलं.

"काका कुठं आहेत?" मी रिसीव्हर ओढून घेतला.

मुकादम म्हणाला, "गाडी खाली करायला गेलेत कारखान्यावर. पोरगंबी संगंच हाय."

काकूनं माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. तिनं आयुष्यात पहिल्यांदा धरला होता, उलटा. मी सरळ केला. "गेलेत का आले न्हाईत?" तिनं विचारलं.

तिकडं दुकानातला गलका ऐकू येत होता. मग फोन कट झाला. मी पुन्हा लावला, पुन्हा लावला. लाइन बिझी. बूथवाला म्हणाला, आता राहू द्या.

परतीच्या गाडीत मामांनी तो डबा उघडलाच नाही. सगळ्यांनी सोडलं आणि घरच्यांनीच सोडलं नाही. खरंच गेलेत की मुद्दाम आले नाहीत, ते आम्हाला कळलं नाही. जाताना काकांनी जे म्हटलं होतं ते मात्र तिघांनाही आठवत होतं.

बाजाराच्या दिवशी सकाळी गायरानाच्या कडेला सगळं उरलंसुरलं गाव जमलं होतं. दव वाळेपर्यंत थांबायचं मी सांगितलं होतं. उपाशी जनावरानं ओला पाला ओरबाडला की पोट फुगतं, आणि त्या दिवशी एका जरी गायीचं पोट फुगलं असतं तर ते पाल्यानं फुगलं असं एकानंही म्हटलं नसतं. म्हणून सगळ्यांनी आधी कडबा टाकून आणलेलं. गायी दोरीला हिसके देत होत्या. आणि कुणी पुढं जाईना.

"घाला की," मी म्हणाले. "सुटलंय ना तुमचं?"

"सुटलंय," दूधकेंद्रवाला म्हणाला. "पन समद्यांचं न्हाई." आणि त्यानं काकूकडं बघितलं नाही. एक म्हातारी पुटपुटली, तिची गाय मागं ठिवा, बाकीच्यांच्या जाऊ द्या. परवा ह्याच सगळ्या बायका काकूच्या ओसरीवर बसून आम्ही फोनवरून काय निरोप आणतो याची वाट बघत होत्या. मला त्या म्हातारीला भाषण द्यायचं होतं. भाषण माझ्या तोंडात तयारच असतं.

काकू गाय घेऊन सरळ गुरवमामांपुढं गेली.

"ते पान द्या."

"बाईमानसानं बेल उचलल्याला मी बगितला न्हाई."

"तुमी फोनवर सोडल्याला बगितला हुता का?" काकू म्हणाली. "घर हाय ना माजं? शेन काडतंय कोन? धार काडतंय कोन? मग घराचा हात कोनचा हाय, सांगा."

मामांनी डबा पुढं केला. पान सुकून कडा वळल्या होत्या. काकूनं ते ओंजळीत घेतलं. मला माहीत होतं की ती देवाला भीत नव्हती, उसाच्या गाडीला भीत होती, कारखान्याच्या रस्त्यावरच्या उताराला भीत होती. "सोडला," ती म्हणाली. "आन् काय यायचं असलं तर ते माज्यावर येऊ दे. फडावर न्हाई." हा शेवटचा भाग कुठल्याही रिवाजात नव्हता. तिचा तिनं घातला.

ती गाय घेऊन गायरानात शिरली. गायीनं मान खाली घातली, तीनपानी हुंगली, आणि तोंड फिरवलं.

कडेला असलेल्या माणसांतून एक आवाज निघाला, फक्त श्वासाचा. काकूनं पुन्हा मान खाली दाबली. गायीनं फुरफुर केलं, दोन पावलं सरकली, वाळलेली कुसळं चाटायला लागली. हिरव्याला तोंड लावेना. कुणीतरी म्हणालं, "देवानंच तोंड फिरवलं." मला माहीत होतं, शिबिरात सांगितलं होतं, की पहिल्यांदा जनावर ह्या पाल्याला नाक मुरडतं, चव लागावी लागते. मी ते मोठ्यानं सांगितलं. कुणी ऐकलं नाही. त्या क्षणी मी स्वतःही ऐकत नव्हते. रस्त्यावर हेडीची जीप उभी होती.

काकूनं कमरेचा विळा काढला. मूठभर तीनपानी कापली. पदराच्या गाठीतून मीठ काढलं, ते घरूनच आणलेलं होतं, आणि तांब्यातलं पाणी हातावर घेऊन पाल्याला चोळलं. तो पाला सोबत आणलेल्या कडब्याच्या चार काड्यांत घालून गायीच्या तोंडापुढं धरला. "खा की भवाने," ती म्हणाली. "कावून माजी परीक्षा बगतीस?"

गाय कडबा ओढायला लागली. कडब्यातून पाला गेला. जीभ बाहेर आली, काकूचा तळहात चाटला, मीठ चाटलं. मग दुसरी मूठ. तिसऱ्या मुठीला कडबा नव्हता. मग तिनं स्वतः मान खाली घातली.

तरी बाकीच्यांनी आपल्या गायी सोडल्या नाहीत. ते बसून राहिले. दुपारपर्यंत दर थोड्या वेळानं कुणीतरी उठायचं, काकूच्या गायीची डावी कूस बोटांनी वाजवून बघायचं आणि परत येऊन बसायचं. हेडी एकदा आला, गवतात थुंकला, म्हणाला, "येतीस का न्हाई?" काकू गायीच्या पलीकडून म्हणाली, "तुमी व्हा फुडं." तो जीप घेऊन गेला.

ऊन उतरताना गाय बाभळीखाली बसली आणि रवंथ करायला लागली. खालचा जबडा सावकाश फिरत होता. दूधकेंद्रवाला उठला, पँट झटकली आणि कुणाशीही न बोलता स्वतःची गाय सोडली. त्याच्यामागून सगळ्यांनी.

त्या दिवशी धार आणखी कमीच निघाली. वाढायला आठवडा गेला, आणि वाढलं म्हणजे पूर आला नाही, घसरायचं थांबलं आणि थोडं वर चढलं. पत्रकात मी 'भरघोस' लिहिलं होतं, ते खोडलं. काकू गावात राहिली. पण त्या दिवसापासून तिनं त्या गायीचं दूध तोंडाला लावलं नाही. कोरा चहा प्यायची. मी भांडले तिच्याशी. म्हणाले, हा शुद्ध अडाणीपणा आहे, गायीच्या तोंडाचा आणि उसाच्या गाडीचा काही संबंध नाही. ती म्हणाली, "नसंल. तू पी." दर वेळी रस्त्यावर एसटी थांबली की तिचं लक्ष तिकडं जायचं. फडावरून येणारा निरोप हा नेहमी दुसऱ्याच कुणाच्या तोंडून येतो.

पाडवा झाल्यावर टोळी परतली. काकांची बैलगाडी वेशीत आली तेव्हा काकू दारातच उभी होती. तिनं आधी मुलाकडं बघितलं, मग सुनेकडं, मग काकांच्या हातापायाकडं. काका उन्हानं काळे पडलेले, एक अंगठा फडक्यात बांधलेला, तो कोयत्यानं. एवढंच. त्यांनी बैल सोडले, पाणी दाखवलं आणि थेट गोठ्यात गेले. गायीच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना सगळं कळलेलं होतं, फडावर अशा गोष्टी लपत नाहीत.

मी तिथंच होते. मला विचारायचं होतं, त्या दुपारी तुम्ही गेला होता की आला नव्हता. तोंडाशी आलं होतं. काकूनं माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प बसले.

"कोन्या अंगानं घातलीस?" काकांनी विचारलं.

"बाभळीकडनं."

"वरच्या अंगानं घालायची. तितलं दाट हाय."

"फुडल्या साली तुमी ऱ्हावा आन् घाला," काकू म्हणाली.

ती आत गेली. चुलीवर चहा ठेवला, सगळ्यांसाठी, आणि पातेल्यात दूध ओतलं. मग एक कप घेऊन उंबऱ्यावर बसली आणि फुंकर न घालता प्यायला लागली.